'नोकरी जात नाहीये, फक्त जागा बदलतेय': मालवाहू विमान कंपनी आपला मेंटेनन्स बेस हलवते तेव्हा नेमकं काय होतं?

कार्गो कंपनीने विमान दुरुस्तीचा तळ बंद केला की बातमीत एक ओळ हमखास असते. तळ बंद होतोय, पण कर्मचाऱ्यांना दुसऱ्या शहरात सामावून घेणार. वाचून आपल्याला वाटतं, चला, कुणाची नोकरी तर गेली नाही. आणि आपण पुढच्या बातमीकडे वळतो.

पण याच ओळीमुळे मेकॅनिकच्या घरात वेगळाच हिशोब सुरू होतो. बायकोची नोकरी इथे, मुलांची शाळा इथे, घराचे हप्ते चालू, आईवडील म्हातारे. आणि उत्तर द्यायचं ठराविक मुदतीत. म्हणून 'सामावून घेणं' म्हणजे नक्की काय, हे अमेरिकेतल्या काही खऱ्या उदाहरणांवरून समजून घेऊया.

आधी बेसिक: मेंटेनन्स बेस म्हणजे काय?

विमानाची देखभाल ढोबळमानाने दोन प्रकारची असते. पहिली रोजची: टायर, ब्रेक, तेल, पायलटने नोंदवलेल्या तक्रारी. हे काम विमान उभं असतानाच उरकतं आणि त्याला लाइन मेंटेनन्स म्हणतात. दुसरी मोठी: विमान हँगरमध्ये घेऊन, पॅनल उघडून केलेली तपासणी. 'सी चेक' हा त्यातला नेहमीचा प्रकार. तो साधारण दीड-दोन वर्षांनी येतो आणि त्यात विमान काही दिवस ते काही आठवडे जमिनीवरच असतं. त्यासाठी हँगर, सुट्या भागांचं गोदाम आणि अनुभवी मेकॅनिक लागतात. ही सगळी व्यवस्था जिथे असते, तो मेंटेनन्स बेस.

मग कंपनी तो हलवते का?

कार्गो कंपन्यांचं जग रात्री जागं होतं. संध्याकाळी देशभरातून विमानं एका हबवर येतात, रात्रीतून पार्सलं वेगळी होतात आणि पहाटे विमानं पुन्हा उडतात. फेडेक्सचं असं मुख्य हब मेम्फिसला आहे, यूपीएसचं लुईव्हिलला. दुरुस्ती तिथेच परवडते जिथे विमानं तशीही येतात. रिकामं विमान फक्त तपासणीसाठी लांब उडवणं म्हणजे इंधन, पायलट आणि वेळ असा तिहेरी खर्च.

त्यामुळे हब हललं की आज ना उद्या बेसही हलतो. शिवाय जुन्या जातीची विमानं ताफ्यातून गेली की त्यांच्यासाठी उभारलेला बेस ओस पडतो. हँगरचं भाडं वाढलं, बाहेरची कंपनी तेच काम स्वस्तात करून द्यायला तयार झाली, तरी तोच निर्णय होतो. मेकॅनिकच्या कामात खोट नसतानाही त्याचा बेस बंद होऊ शकतो.

विल्मिंग्टनची गोष्ट

ओहायो राज्यातलं विल्मिंग्टन हे साधारण १२ हजार वस्तीचं गाव. तिथला हवाई दलाचा बंद पडलेला तळ एअरबोर्न एक्सप्रेस या कंपनीने १९८० मध्ये विकत घेतला आणि आपलं हब केलं. २००३ मध्ये डीएचएलने एअरबोर्न घेतली. २००५ मध्ये डीएचएलने सिनसिनाटी विमानतळावरचं आपलं हबसुद्धा विल्मिंग्टनला आणलं. गावाला वाटलं, आता चिंता मिटली.

पुढे तीन वर्षांतच, मे २००८ मध्ये, डीएचएलने जाहीर केलं की अमेरिकेतला आपला माल यूपीएसच्या विमानांनी नेण्याचा विचार आहे. १० नोव्हेंबर २००८ ला त्याहून मोठी बातमी आली. अमेरिकेतल्या अमेरिकेत पार्सल पोचवण्याचा धंदाच बंद, देशभरात ९,५०० नोकऱ्या कमी. जानेवारी २००९ अखेर ती सेवा थांबली. उरलेलं आंतरराष्ट्रीय काम त्याच वर्षी परत सिनसिनाटी विमानतळावर गेलं.

आता यातली मेख बघा. विल्मिंग्टनमधले बहुतेक मेकॅनिक, पायलट आणि पार्सल लावणारे कामगार कागदोपत्री डीएचएलचे नव्हतेच. डीएचएलने एअरबोर्न घेतली तेव्हा विमानांचा विभाग वेगळा काढून एबीएक्स एअर नावाची स्वतंत्र कंपनी झाली होती. अमेरिकी कायद्यात परदेशी कंपनीला अमेरिकी विमान कंपनीची मालकी घेता येत नाही, म्हणून ही रचना. पार्सलवर नाव डीएचएलचं, पगार एबीएक्सचा. त्यामुळे हब हललं तेव्हा 'आमचे कर्मचारी सोबत नेऊ' असं म्हणायचं बंधन डीएचएलवर नव्हतं.

म्हणून अशी बातमी वाचताना पहिला प्रश्न हाच: 'कर्मचारी' म्हणजे नेमके कोण? कंपनीच्या पगारावरचे, की कंत्राटावरचेही?

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत १९८८ चा 'वॉर्न' कायदा आहे. १०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने एखादं ठिकाण बंद करून तिथल्या ५० किंवा जास्त जणांची नोकरी जाणार असेल, तर साधारणपणे ६० दिवस आधी नोटीस द्यावी लागते.

पण बदलीचा प्रस्ताव आला की गणित बदलतं. नवी जागा रोज जाऊन-येऊन करण्याइतकी जवळ असेल आणि मधला खंड सहा महिन्यांपेक्षा जास्त नसेल, तर कर्मचारी 'हो' म्हणो की 'नाही', कायद्याच्या हिशोबात त्याची नोकरी गेली असं धरत नाहीत. जागा लांब असेल, तर मात्र ज्याने ठरलेल्या मुदतीत बदली स्वीकारली, त्याचीच नोकरी टिकली असं धरतात.

'रोज जाऊन-येऊन करण्याइतकं' म्हणजे किती, याचा ठरलेला आकडा नाही. रस्ते, वाहनांची सोय आणि प्रवासाला लागणारा वेळ बघून ते ठरतं. विल्मिंग्टन ते सिनसिनाटी विमानतळ हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. गाडीने जमेलही, पण रात्रपाळी करून पहाटे बर्फातून परतायचं असेल तर?

देशाची सीमा मध्ये आली की तर हा पर्यायच संपतो. फेडेक्सने २००९ मध्ये आशियातलं हब फिलिपिन्समधल्या सुबिक बेवरून चीनमधल्या ग्वांगझूला नेलं. काम समुद्रापलीकडे गेलं. सुबिकच्या कामगाराला रोज ग्वांगझू गाठता येणार नव्हतं.

बदली आणि ही 'बदली' वेगळी

आपल्याकडे बदली म्हटलं की बँक किंवा सरकारी नोकरी आठवते. तीन वर्षं बाहेर काढली की अर्ज करून परत येता येतं, निदान आशा तरी असते. इथे मागचं ऑफिसच उरत नाही. परतीचा रस्ता बंद करूनच ही बदली होते.

मेकॅनिकच्या बाजूने एक गोष्ट मात्र भक्कम असते. त्याचं लायसन्स त्याच्या स्वतःच्या नावावर असतं. अमेरिकेत ते एफएए देते, आपल्याकडे डीजीसीए. कंपनी सुटली तरी लायसन्स राहतं. पण सीनिऑरिटीचं तसं नाही. कुणाला दिवसपाळी, कुणाला दिवाळी-नाताळची सुट्टी, कपात झाली तर आधी कोण, हे अनेकदा सीनिऑरिटीवर ठरतं. यूपीएसच्या मेकॅनिकांची टीमस्टर्स ही युनियन आहे, तिथे असे नियम करारात लिहिलेले असतात. फेडेक्सच्या मेकॅनिकांची युनियन नाही, तिथे कंपनीचं धोरण चालतं. वीस वर्षं एका कंपनीत काढलेला माणूस गावातच थांबून दुसरी नोकरी धरतो, तेव्हा तो रांगेत शेवटी उभा राहतो.

मग गावात काय उरतं?

विल्मिंग्टनचा पुढचा भाग म्हणूनच महत्त्वाचा. डीएचएलने २०१० मध्ये विमानतळ स्थानिक पोर्ट अथॉरिटीला देऊन टाकला. २०१५ मध्ये अ‍ॅमेझॉनने आपल्या विमानसेवेची चाचणी तिथूनच केली. गावाच्या आशा पुन्हा वाढल्या. पण २०१७ मध्ये अ‍ॅमेझॉनने दीड अब्ज डॉलरचं मोठं हब जाहीर केलं, तेही सिनसिनाटी विमानतळावर! २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉन विल्मिंग्टनला परत आलं.

या सगळ्या ये-जा मध्ये टिकलं ते विमान दुरुस्तीचं काम. एबीएक्सच्या मेंटेनन्स विभागातून वेगळी दुरुस्ती कंपनी उभी राहिली आणि तिने बाहेरच्या विमान कंपन्यांची कामं घेतली.

इंडियानापोलिसलाही असंच घडलं. ती कंपनी कार्गोची नव्हती, युनायटेड एअरलाइन्स होती. राज्याने आणि शहराने ३० कोटी डॉलरहून जास्त सरकारी पैसा घालून तिच्यासाठी मेंटेनन्स सेंटर बांधलं. दिवाळखोरीत असलेल्या युनायटेडने २००३ मध्ये ते सोडलं. पुढच्याच वर्षी एएआर ही अनेक विमान कंपन्यांची कामं करणारी कंपनी तिथल्या हँगरमध्ये आली. युनायटेडने सांगितलेल्या हजारो नोकऱ्यांचा आकडा गाठला गेला नाही, पण हँगरमध्ये पुन्हा विमानं आली.

थोडक्यात, एकाच गिऱ्हाइकावर उभा असलेला बेस त्या गिऱ्हाइकासोबत उठतो. चार गिऱ्हाइकं असली तर एक गेलं तरी दिवा जळत राहतो.

नागपूरशी याचा काय संबंध?

नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने एअर इंडियासाठी बांधून दिलेलं दुरुस्ती केंद्र आहे. ते चालवणारी एआय इंजिनिअरिंग सर्व्हिसेस ही कंपनी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेल्यावरही सरकारकडेच राहिली. आणि एअर इंडिया आता स्वतःचा मोठा बेस बेंगळुरूला उभारतेय. नागपूरचं काम जाणार, असा याचा अर्थ अजिबात नाही, कारण ही कंपनी दुसऱ्या विमान कंपन्यांचीही कामं घेते. पण मुख्य गिऱ्हाइकाने स्वतःचं घर बांधायला घेतलं, की बाकीची गिऱ्हाइकं किती आहेत हा प्रश्न विदर्भातल्या लोकांनी विचारायलाच हवा.

पुढच्या वेळी अशी बातमी आली तर

किती जणांना बदली देऊ केली, हा आकडा कंपनी स्वतःहून सांगते. खरा आकडा सहा महिन्यांनी कळतो: त्यातले किती जण प्रत्यक्ष गेले? घर हलवण्याचा खर्च कुणी दिला? सीनिऑरिटी सोबत गेली का? जे गेले नाहीत त्यांना नुकसानभरपाई मिळाली, की 'आम्ही नोकरी देत होतो, तुम्हीच नाही म्हणालात' असं उत्तर?

ही उत्तरं मिळेपर्यंत 'कुणाचीही नोकरी गेली नाही' ही ओळ बातमी म्हणून शेअर करू नका. ती कंपनीची बाजू आहे. जे मागे राहिले, त्यांची बाजू अजून यायची असते.