इंजिनाची सुटलेली तार

वाचकहो, अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. तरी खैरलांजीसारख्या गावी कोणाच्या दारी ती अद्याप उभी असेल, तर इंजिनाशी लोंबणारी अनोळखी तार एखादे दिवशी दृष्टीस पडावयाचीच. ती दिसेल तेथे खोचून देऊ नये, असे आम्ही सुचवितो. रंगावरही विसंबू नये. दुरुस्तीत हाती येईल ती तार घातलेली असते.

इंजिन बंद ठेवून बारा व्होल्टच्या टेस्ट लँपचे एक टोक इंजिनाच्या उघड्या धातूस व दुसरे सुट्या तारेस लावावे. चावी बंद असता लँप लागला, तर तारेत बॅटरीची वीज सदैव आहे. चावी फिरविल्यावरच लागला, तर ती चावीमार्गे येते. परंतु चावी फिरवूनही समोरचा तेलाचा तांबडा दिवा विझलेला असेल आणि लँप जोडताच तो उजळला, तर ती तार तेलाच्या दाबाची होय.

हीच तार सर्वांत घातक. ती सुटली असता तेल आटले तरी दिवा मुका राहतो, बेअरिंगे जळतात आणि इंजिन जाम होते. म्हणून चावी फिरविताच तो दिवा लागतो व इंजिन सुरू होताच विझतो ना, हे नित्य पाहावे. कधीच न लागणारा दिवा हे कुशलतेचे लक्षण नव्हे.