पासबुक कुणाच्या हातात?

आमच्या शाखेत पहिले यंत्र आले, तेव्हा त्याच्यासाठी आधी खोली बांधली गेली. १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध होता तो. खातेवहीतल्या नोंदी करणारे हे यंत्र. त्याचे नाव 'अॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन'. आम्ही त्याला नुसते 'एएलपीएम' म्हणत असू. त्याला धूळ चालत नसे आणि उकाडाही सोसत नसे. तेव्हा काचेची केबिन झाली, वातानुकूलन झाले, आणि चपला बाहेर काढूनच आत जायचे असा नियम झाला. देवघर सोडले तर अशी जागा मी पहिल्यांदाच पाहत होतो. बाहेर आम्ही सारे पंख्याखाली घामाघूम. बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयीचा रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला होता, आणि तेव्हापासून माणूस मोठा की यंत्र मोठे यावर संघटनेच्या सभांतून आम्ही तावातावाने बोलत होतो. मीही बोललो होतो.

काही महिन्यांनी एक गोष्ट ध्यानात आली. नोंदी भराभर होत होत्या, संध्याकाळचा ताळमेळ लवकर जुळत होता. पण काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने काहीच बदलले नव्हते. त्याने पासबुक भरून मागितले की 'उद्या या' हे उत्तर ठरलेले. पूर्वी ते आम्ही आमच्या नावावर देत होतो, आता यंत्राच्या नावावर देऊ लागलो. खातेवही बँकेची असते, पासबुक खातेदाराचे. वहीत आपल्याविषयी काय लिहिले आहे हे ज्याला हातात धरून पाहता येते, तो खरा खातेदार. बाकीचे नुसते रांगेत उभे असतात.

हे सगळे आज आठवायचे कारण बँक नव्हे, शाळा आहे. माझ्या नावावर चार कादंबऱ्या असल्यामुळे निवृत्तीनंतर शाळांची आमंत्रणे येतात. मध्यंतरी शहरातल्या एका मोठ्या शाळेत गेलो होतो. वर्गात भिंतभर पडद्याचा 'स्मार्ट' फळा होता. त्यावर ज्वालामुखी उसळत होता, लाव्हा वाहत होता, आणि चाळीस मुले हाताची घडी घालून ते बघत होती. चित्र संपले, पडद्यावर पाच प्रश्न आणि त्यांची पाच उत्तरे आली, आणि बाई म्हणाल्या, "आता हे उतरवून घ्या." मुलांनी उतरवून घेतले. मला आमची काचेची केबिन आठवली.

आपल्याकडे हे पूर्वीपासून चालत आले आहे. १९७५-७६ साली उपग्रहामार्फत सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा 'साइट' हा मोठा प्रयोग झाला. १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. तिचे कार्यक्रम पाहून वाढलेली एक पिढी आज नोकरी करते आहे. २०१७ मध्ये ती बंद पडली. या कामांत जीव ओतणारी माणसे होती, त्यांना नावे ठेवायचा माझा हेतू नाही. पण त्या साधनांची वाट एकेरी होती. मुलाने पडद्याला प्रश्न विचारायची सोय तिथे नव्हती. आज खिशातल्या फोनला ती सोय आहे. प्रश्न एवढाच की शाळा ती वापरते का, की दुहेरी रस्त्यावरही आपण एकाच दिशेने गाड्या सोडतो आहोत?

मुलांच्या हाती फोन नाही, हे कारण आता फारसे पुरत नाही. 'असर'च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांनी आपल्याला स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो काहीतरी शिकण्यासाठी वापरला होता. समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. म्हणजे मुले त्या बाजारात आधीच जाऊन पोहोचली आहेत. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांना बंदी घातली. त्यामागची काळजी मला पटते. पण बंदीने मूल बाजारातून परत येईल. परत आल्यावर शाळेने त्याच्या हाती काय द्यायचे, हा प्रश्न उरतोच.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे आपल्याला आठवत असेल. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापायचा आणि त्यातून मुलांना कविता, गोष्टी, धडे ऐकवायचे, ही त्यांच्या कामातली गाजलेली कल्पना. पुढे असे कोड राज्याच्या पाठ्यपुस्तकांवरही आले. पण मला नेहमी वाटते, त्या कल्पनेतला मोलाचा भाग तो काळा-पांढरा चौकोन नव्हता. आपल्या वर्गातल्या मुलांना काय हवे ते पाहून एका शिक्षकाने ते तयार केले, हा मोलाचा भाग होता. चौकोन लाखो प्रतींवर छापता येतो. वर्गाकडे पाहणारी नजर मात्र छापता येत नाही.

हे मी शहाणपणाने बोलतो आहे असे वाटेल. खरे म्हणजे हे शहाणपण मला एका सहावीतल्या मुलीकडून मिळाले, आणि तेही माझी फजिती होऊन.

बीड जिल्ह्यातल्या एका गावात वाचन प्रेरणा दिनाला, म्हणजे १५ ऑक्टोबरला, मला बोलावले होते. मी माझे ठरलेले भाषण केले: मोबाइल हा वाचनाचा शत्रू आहे, तो बाजूला ठेवा, पुस्तक हाती घ्या. टाळ्या झाल्या. शेवटी एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, आम्ही दिवाळी झाली की कारखान्याला जाणार. पुस्तकांची पेटी हितंच ऱ्हाती. मंग आम्ही वाचायचं काय?"

मला उत्तर सुचले नाही. वर्गात एकोणीस मुले होती आणि त्यांतली अकरा दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणार होती. कुणी कोल्हापूरकडे, कुणी सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. हंगामी वसतिगृहे असतात, पण सगळीच मुले तिथे राहत नाहीत. फडावर धाकट्या भावंडाला सांभाळायलाही कुणीतरी लागते. आणि ते कुणीतरी म्हणजे बहुधा मुलगीच.

उत्तर त्यांच्या वर्गशिक्षिकेपाशी होते. बाई तिशीतल्या असतील. त्यांनी पालकांचा एक व्हॉट्सअॅप गट केला होता. असे गट सगळीकडे असतात. सूचना, सुप्रभात आणि अमुक शुल्क भरा. बाईंचा गट वेगळा चाले. रोज संध्याकाळी सातला त्या दोन मिनिटांच्या आतला एक आवाजी निरोप टाकत. दोन मिनिटेच, कारण पालकांचा रिचार्ज बेताचा. त्यात धडा नसे, प्रश्न असे. आणि उत्तर पुस्तकात सापडणार नाही असा प्रश्न असे. 'तुमच्या कोपीपासून पाणी किती पावलांवर आहे?' 'तिथली माणसे असा कोणता शब्द बोलतात, जो आपल्या गावात नाही?' 'एका मोळीत किती ऊस बसतात?' फडावरची मुले आपल्या आवाजात उत्तरे पाठवत. दुसऱ्या दिवशी गावात राहिलेली आठ मुले ती वर्गात ऐकत. पाणी पावलांत सांगितलेले असे, ते मीटरमध्ये करत. कोण कुठल्या कारखान्याला आहे ते नकाशावर दोरा लावून दाखवत. आलेले शब्द वहीत अकारविल्हे लावत.

बाईंनी मला त्या शब्दांच्या वहीसाठी गटात घेतले. "सर, तुम्ही लेखक. तुम्हीपण एक निरोप टाका." मी मोठ्या उत्साहाने माझ्या एका कादंबरीतला ऊसतोडीचा प्रसंग वाचून पाठवला. त्यात नायक शेंड्याकडून सपासप ऊस तोडत जातो. रात्री साडेआठला त्याच मुलीचा निरोप आला. मागे भांड्यांचा आवाज, कुत्र्याचे भुंकणे. "सर, ऊस वरून नसतेत तोडत. पार बुडाला तोडतेत. वरून तोडला तर मुकादम बापाला शिव्या देईल." कादंबरीची तीन परीक्षणे आली होती. ही चूक एकाही समीक्षकाने दाखवली नव्हती.

त्या क्षणी मला या साधनाचा शाळेतला उपयोग कळला. ज्या मुलीला हजेरीपट 'स्थलांतरित' म्हणून बाजूला ठेवतो, ती त्या रात्री एका लेखकाला आणि गावातल्या आठ मुलांना शिकवत होती. तिचे जगणे हाच धडा झाला होता आणि तो तिच्यापेक्षा चांगला कुणाला येत नव्हता.

जानेवारीत बाईंनी अपूर्णांकाचा पाठ घेतला. तिच्या वडिलांची टायरगाडी होती. कारखान्याच्या काट्यावर गाडी भरलेली एकदा आणि रिकामी एकदा तोलली जाते. वजाबाकी म्हणजे ऊस. पावती मिळते. पावत्या वडिलांच्या खिशात चुरगळून पडत, आणि पंधरवड्याचा हिशेब मुकादमाच्या वहीवरून होई. बाईंनी एका पावतीवरचे आकडे मागितले होते. मुलीने पंधरवड्याच्या सगळ्याच पाठवल्या. गावातल्या वर्गाने फळ्यावर बेरीज केली. मुकादमाच्या वहीतला टनांचा आकडा तिने वडिलांना विचारून घेतला होता. दोन खेपा कमी भरत होत्या.

बाईंचा मला फोन आला. "सर, तुम्ही बँकेतले. बेरीज बरोबर आहे का तेवढं बघा. पुढचं मी बघते." मी पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने दोनदा ताळा केला. बेरीज बरोबर होती. मी जरा आवेशाने काही बोलू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, त्यांनी उचल घेतलीय. भांडण करून त्यांना परवडणार नाही." त्या फक्त वडिलांशी बोलल्या. वडील हुशार. ते मुकादमाला म्हणाले, "पोरगी शाळेचा हिशेब करतीया, तिला जरा वही दाखवा." वही उघडली गेली. राहिलेल्या दोन खेपा लिहिल्या गेल्या. विसरल्या होत्या, असे मुकादमाने सांगितले. तेव्हापासून तो वडिलांच्या देखत लिहितो.

बँकेत अडतीस वर्षे काढलेल्या माणसाला याहून स्पष्ट काय सांगायला हवे? त्या घराला त्या दिवशी पासबुक मिळाले.

आता या गोष्टीची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. जमेची बाजू तेवढी दाखवणे हिशेबनिसाला शोभत नाही. फोन मुलीचा नव्हता, वडिलांचा होता. 'असर'च्या २०२३ च्या, निवडक जिल्ह्यांतल्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा स्मार्टफोन होता. मुलींत हे प्रमाण सुमारे २० टक्के होते. वडील रात्री गाडी घेऊन काट्यावर गेले की तिचा अभ्यास त्यांच्या खिशातून निघून जाई. रिचार्ज संपला की आठवडाभर ती गप्प. अकरांपैकी चौघांचे निरोप महिन्याभरात थांबले ते थांबलेच. बाईंची संध्याकाळ कुठल्याच कामाच्या तासांत धरली जात नाही. आणि रोज उत्तर देणारी ती मुलगी गावच्या शाळेच्या हजेरीत नव्हती, ती नव्हतीच.

म्हणून कुणी असे म्हणू नये की फोन आहे, आता वसतिगृहाची गरज काय. तो निरोप शाळेला पर्याय नव्हता. शाळा सुटू नये म्हणून धरून ठेवलेला दोरा होता. दोऱ्याला पूल समजून त्यावरून मुलांना चालवणे हा गुन्हा ठरेल. त्या मुलीला आधी वसतिगृहात जागा हवी, कारखान्याजवळच्या शाळेत बाक हवे, आणि घरात भावंडाला सांभाळणारे दुसरे कुणी हवे.

आणखी एक. बऱ्याच शाळांत हल्ली उपक्रमापेक्षा उपक्रमाचे छायाचित्र महत्त्वाचे झाले आहे. झाड लावले, काढा फोटो. हात धुतले, टाका गटावर. मूल तिथे पुरावा म्हणून उभे असते. बाईंचा नियम होता की गटावर मुलाचा चेहरा येणार नाही. आवाज येईल, हाताने केलेली वस्तू येईल, वहीचे पान येईल. मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती हवी, असे २०२३ चा विदा संरक्षणाचा कायदा सांगतो. बाईंनी तो कायदा वाचला असेल-नसेल. मुलाचा मान कशात आहे हे त्यांना ठाऊक होते.

बीडच्या त्या बाईंना कुणी काचेची केबिन बांधून दिली नव्हती. एक जुना फोन, वर्गात ऐकवायला एक छोटा स्पीकर, आणि रोज एक प्रश्न. त्यामुळे आता कुठल्याही शाळेने मला नवे यंत्र कौतुकाने दाखवले की मी त्याची किंमत विचारत नाही. विचारतो ते एवढेच: यात नोंद कोण करते? तुम्ही की मूल? आणि मुलाने केलेली नोंद वाचून त्याला उलट उत्तर कोण देते? या दोन प्रश्नांना उत्तर नसेल, तर खुशाल समजावे की मुले अजून रांगेतच उभी आहेत.

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघते आहे. नायक आता बुडातून ऊस तोडतो. मुद्रिते तपासायला मी ते पान बाईंमार्फत त्या मुलीकडे पाठवले होते. "आता बरोबर हे," एवढाच निरोप आला.