प्रवाळाचा दिवा आणि घरचा हिशेब

शिरूरच्या एका तरुणाने विचारले आहे : ‘मी रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला आहे. घरी खाऱ्या पाण्याची दोन फुटी काचेची टाकी आहे. तीत मासे आहेत. आता प्रवाळ वाढवायचे आहे. साधी ट्यूब काढून भारी एलईडी दिवा बसवू का? एक पगार जाईल. आई नको म्हणते.’

दादा, आधी प्रवाळाला उजेड कशाला लागतो ते पाहू. प्रवाळ हे झाड नव्हे, प्राणी आहे. पण त्याच्या अंगात अतिसूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातले बरेचसे प्रवाळाला मिळते. समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश वरच्या थरातच शोषून घेते, निळा खोलवर जातो. म्हणून या दिव्यांत निळा रंग जास्त असतो. साध्या ट्यूबखाली मासे छान दिसतात, पण प्रवाळाचे पोट भरत नाही. तेव्हा तुमची शंका रास्त आहे.

मात्र उजेड जास्त म्हणजे वाढ जास्त, असे नाही. भारी दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण लावला तर आतले शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरे पडते आणि उपाशी मरते. दिवा तीसेक टक्क्यांवर सुरू करावा व तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवावा. दिवसाला आठ ते दहा तास पुरे; रात्री अंधार हवाच.

पाणीही २५-२६ अंशांच्या आसपास लागते. आपल्या शिरूर-दौंडला उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो. पंखा लावला तर पाणी गार होते, पण आटते. मीठ मात्र मागेच राहते. म्हणून भर शुद्ध गोड्या पाण्याची घालावी.

आता हिशेब. ९० वॅटचा दिवा रोज दहा तास लावला, तर महिन्याला २७ युनिट होतात. पंप चोवीस तास चालणार, त्याचे वेगळे. म्हणजे खर्च एका पगारावर थांबत नाही, तो दरमहा बिलात येतो. आईचे म्हणणे चुकीचे नाही.

सर्वांत मोठी गोष्ट कायद्याची. दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखा यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, घातले आहे. ते समुद्रातून काढणे, विकणे, विकत घेणे हा गुन्हा असून तीन ते सात वर्षे कैद होऊ शकते. दुकानदार ‘सगळेच ठेवतात’ म्हणेल. पण कोर्टात तो आपल्या बाजूने उभा राहणार नाही. दुसरी कोणतीही जात घेण्याआधी नाव लिहिलेली पक्की पावती मागावी आणि वनखात्याच्या कार्यालयात विचारावे. पावती मिळत नसेल तर वस्तू नको.

प्रवाळ पाहायचेच असेल तर मालवणला जावे. तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रात ते आहे. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. आणि घरी उजेडाची करामत पाहायची तर गोड्या पाण्याच्या छोट्या टाकीत पाणवनस्पती लावाव्यात. लहानसा दिवा पुरतो, कायदा आड येत नाही, आणि पगारही घरात राहतो. दिव्याचे पैसे देण्याआधी एक संध्याकाळ आईजवळ बसा आणि हा हिशेब दोघांनी मिळून कागदावर मांडा.