पायाळूची लाथ

मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, डोकं मागून. तेव्हा आईची काय गत झाली असेल, हे मला स्वतःच्या बाळंतपणात कळलं. लहानपणी कळत होतं ते एवढंच, की गावात माझा भाव वधारलेला आहे. कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव. भांगलणीला वाकून वाकून कुणाच्या कमरेत उसण भरली, की ती बाई भिंत धरत आमच्या ओसरीवर यायची आणि विचारायची, “पायाळू पोरगी कुठाय?” मग आजी मला हाक मारायची. बाई पालथी पडायची, मी तिच्या कमरेला तीनदा पाय लावायचा. बदल्यात ओंजळभर शेंगा. सात वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसांना लाथा मारायची सोय आणि वर खाऊ, याहून सुखाचं काय असणार?

हे सगळं आठवलं ते गेल्या वर्षी, लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेले तेव्हा. जावई पुण्याहून ट्रॅक्टरच्या कंपनीत बदली होऊन मोलीन गावी गेलेला. तिथे मिसिसिपी दक्षिणेला जायचं सोडून पश्चिमेकडे वळते आणि पलीकडच्या काठावर आयोवा राज्यातलं डॅव्हनपोर्ट लागतं. लेकीला आठवा महिना. कमरेखाली, माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना अशी कळ, की अंथरुणात कूस बदलताना ती तोंडावर उशी दाबायची. “आई, उद्या माझ्याबरोबर चल. कायरोप्रॅक्टरकडे जायचंय.” मला वाटलं, पायांचा डॉक्टर असेल.

नावाचा अर्थ ‘हातांनी केलेलं’, शब्द ग्रीक. विद्या मात्र याच डॅव्हनपोर्टची. डॅनिएल डेव्हिड पामर हे गृहस्थ तिथे चुंबकचिकित्सा करायचे. इमारतीत हार्वी लिलार्ड नावाचा बहिरा झाडूवाला होता. 18 सप्टेंबर 1895 रोजी पामरने त्याच्या पाठीचा एक मणका दाबून जागेवर बसवला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, अशी या पंथाची जन्मकथा आहे. लिलार्डच्या मुलीने पुढे सांगितलेली हकिकत जरा वेगळी. तिचे वडील कुणाला तरी विनोद सांगत होते, पामर हसत हसत आले आणि हातातलं पुस्तक त्यांच्या पाठीत हाणलं. काही असो, कानाची नस मेंदूतून थेट कानात जाते, पाठीच्या वाटेने नाही. मणका सरकला की नस दबते आणि त्यातूनच रोग होतात, हा पामरचा मूळ सिद्धांत तिथेच लंगडा पडतो. परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून 1906 मध्ये त्यांना तुरुंगवासही घडला. पण पंथ टिकला. डॉक्टरांची संघटना या लोकांना वाळीत टाकू पाहत होती; 1987 मध्ये न्यायालयाने संघटनेलाच दोषी ठरवलं. आज त्यांना अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत परवाना मिळतो.

लेकीची कायरोप्रॅक्टर पोरसवदा होती, हसरी. टेबल बघून मी थक्क झाले. मधला भाग खाली सरकवता येतो, त्यामुळे गरोदर बाई चक्क पालथी झोपू शकते आणि पोट त्या खळग्यात मावतं. लेक म्हणाली, “दोन महिन्यांनी पालथी झोपले गं,” आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटतं, निम्मा इलाज तिथेच झाला. मग त्या मुलीने माकडहाडाशी तळहात ठेवून हलका दाब दिला, तसा टेबलाचा तुकडा ‘धाड’ करून बोटभर खाली पडला. मीच दचकले. कडाकडा हाडं मोडतील असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. मानेला हात लावायचा नाही, असं लेकीच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं. मानेच्या झटक्याने क्वचित मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटते. क्वचित हे खरं, पण ते आपल्याच वाट्याला आलं तर?

गरोदरपणी पाठ का दुखते, याला मणका सरकायची गरजच नाही. रिलॅक्सिन नावाचं संप्रेरक सांध्यांची बांधणी सैल करतं, कटीची हाडं थोडी हलू लागतात, पोट पुढे जातं आणि तोल सावरायला कंबर आत वळते. ओटीपोटाच्या पुढे जिथे दोन हाडं जुळतात तो सांधाही दोन-तीन मिलिमीटर जास्त उघडतो. जिना चढताना, एका पायावर उभं राहून सलवार घालताना जी कळ येते ती त्याची. कॉक्रेन संस्थेच्या 2015 च्या आढाव्यात यावरचे 34 अभ्यास, 5,121 गर्भवती तपासल्या होत्या. कंबरदुखीला व्यायामाने आराम पडतो, हे त्यातून निघालं. हातांनी केलेल्या उपचारांचाही उपयोग होत असावा, पण पुरावा पातळ. म्हणजे लेकीला बरं वाटत होतं ते खोटं नव्हतं. फक्त दुखणं ठेका धरून येऊ लागलं, थांबून थांबून, तर ती कंबर नव्हे, कळाही असू शकतात. अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, पायातलं बळ गेलं, तर टेबलावर नाही, दवाखान्यात जायचं. हे मी लेकीला रोज ऐकवत होते आणि ती रोज “हो गं” म्हणत होती.

चौतिसाव्या आठवड्यात सोनोग्राफीत दिसलं, की बाळाचं डोकं वर आहे. पायाळूची नात पायाळू! आणि इथे मला गंमत वाटली. आमच्याकडे उलटं आलेलं मूल कंबर बरी करतं, यांच्याकडे कंबर बरी करणारे उलटं मूल सुलटं करतात. लॅरी वेब्स्टर नावाच्या कायरोप्रॅक्टरची एक पद्धत आहे. कटीचा ताण सोडवला की बाळाला फिरायला जागा होते, असा तिचा बोलबाला. ती मुलगी प्रामाणिक होती. म्हणाली, “मी बाळ फिरवत नाही, फक्त तुमची कटी सैल करते.” ज्या पाहणीच्या आधारावर या पद्धतीचे ढोल वाजतात, ती खुद्द कायरोप्रॅक्टरांनाच विचारून केलेली होती, आणि उत्तर दिलं ते थोड्यांनीच. हलवायाला लाडू कसा आहे विचारण्यातला प्रकार.

छत्तिसाव्या आठवड्यात बाळ फिरलं. जावयाने श्रेय टेबलाला दिलं. साताऱ्याहून माझ्या बहिणीने कळवलं, की तिने औंधच्या यमाईला नवस बोलला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अठ्ठाविसाव्या आठवड्यात चारातलं एक बाळ उलटंच असतं, दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चार उरतात. बाकीची आपली आपण फिरतात. नसतं फिरलं, तर सदतिसाव्या आठवड्यात त्या स्वतः रुग्णालयात, ठोके बघत, पोटावरून हाताने फिरवून पाहणार होत्या. त्यातही निम्म्या वेळाच यश. मी गप्प बसले. श्रेय वाटायला चौघे असले की बाळंतीण सुखात राहते.

माझं बिनसलं ते बाळंतपणानंतर. दहा दिवसांच्या नातीलाही ‘ॲडजस्ट’ करून घ्या, रडकी असते ना, आणि तुम्हाला सहा महिन्यांचं पॅकेज, असं ती मुलगी गोड आवाजात म्हणाली. मी लेकीआधी “नो” म्हणाले. दहा दिवसांच्या जिवाचा कुठला मणका सरकलाय? रडणं हे तिचं काम आहे.

पण मग माझंच मन मला खाऊ लागलं. आमच्याकडे तरी काय? बाजेखाली शेगडी, ओव्या-शेपेची धुरी, बंद खोलीत धूर कोंडलेला. मालिशवाली मावशी बाळाच्या नाकात तेल सोडायची, बाळंतिणीचं पोट मळल्यासारखं दाबायची, टाके असोत की नसोत. बाळंतपणानंतर रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढलेला असतो. सुजलेली, दुखरी पोटरी चोळू नये, हे तिला कुणी सांगितलं होतं? आणि तरीही माझ्या बाळंतपणातलं मला आठवतं ते तिचे कोमट तेलाचे हात. दिवसभर सगळे बाळाकडे बघायचे. सकाळी तासभर ती एकटी माझ्याकडे बघायची.

लेकीला मावशी कुठून आणणार? फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिले. पोटाचे स्नायू मधून दुभंगले होते, ते हळूहळू जवळ आणण्यासाठी. ते ती आळसावत करायची. सहाव्या आठवड्यात, रात्रभर वाकून पाजून पाजून पाठीचं लाकूड झालेलं, ती दिवाणखान्यातल्या गालिच्यावर पालथी पडली.

“आई, तू पायाळू ना?”

“वेडी आहेस का? माझा गुडघा वाकत नाही.”

“लाव गं.”

सोफ्याचा हात धरून मी कसाबसा पाय उचलला आणि अंगठा तिच्या कमरेला टेकवला. एकदा, दोनदा, तीनदा. ती हसायला लागली, हसताना तिची कंबर दुखली, म्हणून आणखी हसली.

“बरं वाटलं?”

“छे. पण परत कर.”