मेचनिकॉफ यांचा आशावाद

आशावादी मनुष्य म्हटला की, ज्याला दुःखाची फारशी झळ लागलेली नाही असा कोणी सुखवस्तू गृहस्थ आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु ज्या शास्त्रज्ञाने ‘आशावादी तत्त्वज्ञान’ हे शब्द आपल्या ग्रंथाच्या नावातच घातले, त्या इल्या मेचनिकॉफ यांचे पूर्वायुष्य या चित्राशी मुळीच जुळत नाही.

आज युक्रेनमध्ये असलेल्या खारकॉव्हच्या परिसरात १८४५ साली त्यांचा जन्म झाला. १८६९ मध्ये त्यांचा विवाह झाला, तेव्हा क्षयाने खंगलेल्या वधूला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले होते. १८७३ मध्ये ती निवर्तली आणि मेचनिकॉफ यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. पुढे दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वराने अत्यवस्थ झाली, तेव्हा पुन्हा तोच विचार त्यांच्या मनात बळावला. या वेळी त्यांनी एका ज्वराचे रोगजंतू स्वतःस टोचून घेतले. मरण आलेच तर त्यातून निदान शास्त्राला काही कळावे, हा हेतू! सुदैवाने दोघेही वाचली.

१८८२ च्या अखेरीस हे कुटुंब सिसिलीतील मेसिना येथे राहत होते. एके दिवशी घरची मंडळी सर्कस पाहावयास गेली असता मेचनिकॉफ एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसले होते. समोर तारामाशाची काचेसारखी पारदर्शक डिंभके होती. त्यांच्या शरीरातील फिरत्या पेशी पाहता पाहता त्यांच्या मनात आले की, बाहेरून आलेल्या शत्रूशी झुंजण्याचे काम तर या पेशी करीत नसतील? त्यांनी बागेतून गुलाबाचे काटे आणून डिंभकांच्या अंगात टोचले. ती रात्र त्यांना झोप आली नाही. सकाळी पाहतात तो काट्यांभोवती पेशींचा गराडा पडलेला! शरीर रोगाचा मार निमूटपणे सोसत नाही, ते प्रतिकार करते, हा विचार येथून पुढे गेला. या संशोधनाबद्दल १९०८ साली त्यांना पॉल एर्लिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

माझ्या मते त्यांच्या आशावादाचे बीज त्या काट्यांत आहे. सामान्य वाचकांसही समजावे अशा रीतीने लिहिलेला त्यांचा मानवी स्वभावावरील ग्रंथ १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. मानवी देहात पुष्कळ विसंगती आहेत, हे त्यात त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. अक्कलदाढ, आंत्रपुच्छ, अकाली येणारे वार्धक्य, आणि सर्वांत मोठी विसंगती म्हणजे मरणाचे भय. परंतु यांतून वैराग्याकडे न वळता, शास्त्राने या विसंगती दूर कराव्यात, असे ते म्हणतात. आयुष्य पुरेपूर जगता आले, तर दिवसभर राबलेल्याला झोप हवीशी वाटावी तसे मनुष्याला मरणही नैसर्गिक वाटू लागेल, अशी त्यांची कल्पना होती.

येथवर सारे मनोहर आहे. अडचण पुढे येते. मोठ्या आतड्यातील जंतूंच्या विषांमुळे म्हातारपण लवकर येते, ते आतडेच मनुष्याला निरुपयोगी आहे, आणि आंबवलेल्या दुधातील जंतू त्या विषांवर उतारा आहेत, असे त्यांनी सांगितले. १९०४ मध्ये पॅरिस येथे वार्धक्यावर त्यांनी दिलेल्या व्याख्यानानंतर युरोपात विरजणाच्या दुधाचे वेडच पसरले. जंतूंच्या गोळ्याही विकावयास आल्या. ज्यांच्या घरी रोज ताक घुसळले जाते, त्या आपल्या वाचकांना याची गंमत वाटेल. पुढील संशोधनाने मात्र दाखविले की, त्यांनी ज्या जंतूंवर भर दिला होता ते मानवी आतड्यात टिकून राहत नाहीत. मोठे आतडे पाणी व क्षार शोषून घेते. आणि तेथील पुष्कळ जंतू आपले मित्रच आहेत.

अशा स्थळी भाषांतरकाराला मोह होतो. विद्यार्थ्यांसाठी लिहावयाचे, तर तारामासा ठेवावा आणि आतड्याचे प्रकरण गाळावे. मीही पूर्वी असे पाठ सोज्ज्वळ केले आहेत, आणि आता त्याचा मला पश्चात्ताप होतो. चुका गाळलेला शास्त्रज्ञ हा पुराणातला पुरुष होतो. मेचनिकॉफ यांची आशा ही श्रद्धा नव्हती. ते एक अनुमान होते, आणि अनुमान खोटे ठरू शकते, यातच त्याचे मोल आहे. शिवाय त्यांची सर्वच आशा खोटी ठरलेली नाही. ओडेसा येथील त्यांचा शिष्य वाल्डेमार हाफकिन १८९३ मध्ये पटकीची लस घेऊन भारतात आला, आणि १८९७ च्या जानेवारीत मुंबईत त्याने प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. मुंबईची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची होय.

वार्धक्यावर लिहिणाऱ्या मेचनिकॉफ यांना स्वतःला एकाहत्तर वर्षांचेच आयुष्य लाभले. १९१६ च्या जुलैत पॅरिस येथे ते मृत्युशय्येवर असता, आपल्या मृत्यूनंतर शवविच्छेदन करावे आणि आतडी विशेष काळजीपूर्वक तपासावीत, असे त्यांनी जवळच्या वैद्यास सांगून ठेवले होते. त्यांच्या अस्थींचा कलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवण्यात आला.