रोजच्या वाटेवरचे बेट

सहल म्हटली की कल्याण-डोंबिवलीच्या शाळांची नजर दूरच्या गडांकडे वळते. घरातील वडीलधारी मंडळी ज्या ऐतिहासिक बेटावर रोज नोकरीसाठी जातात, ते मात्र सहलीच्या यादीत क्वचितच असते. कळवा सोडून गाडी खाडी ओलांडते, तेव्हा ती साष्टी बेटावर आलेली असते, हे किती प्रवाशांच्या ध्यानी येते?

उल्हास नदीचे मुख आणि ठाण्याची खाडी यांनी वेढलेल्या या बेटाचे ठाणे हे नाके. म्हणूनच पोर्तुगीजांनी १७३० मध्ये येथे किल्ला बांधावयास घेतला. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी बळकावला. पुढे त्याचा तुरुंग झाला. जॅक्सन-वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी तेथेच फाशी देण्यात आले.

एका दिवसाच्या सहलीस एवढे पुरेसे आहे. सकाळी १८५३ च्या पहिल्या रेल्वेचे ठाणे स्थानक, मग मासुंदा तलाव व कौपिनेश्वर, दुपारी तुरुंगाचा तट, तोही बाहेरूनच. गजबजलेल्या शहरात पाहण्याजोगे उरले काय, असा आक्षेप येईल. परंतु इतिहासाची सहल केवळ डोळ्यांची नसते. तटासमोर उभे राहून शिक्षकाने दहा मिनिटे बोलावे, एवढीच तिची पूर्वतयारी. खर्च लोकलच्या तिकिटाचा. त्यानंतर तो पूल ओलांडताना एखाद्या मुलाने खिडकीबाहेर पाहिले, तरी सहल सार्थकी लागली.