कचरा कुणाला म्हणता?

‘शेतातल्या कचऱ्यापासून घराची भिंत’ असं एखादं रील एव्हाना तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल. पऱ्हाटीचा भुगा, सिमेंट, साचा, दाब, की झाला बोर्ड. कल्पना चांगली आहे. माझं भांडण ‘कचरा’ या शब्दाशी आहे. कचरा म्हटलं की भाव द्यावा लागत नाही.

यवतमाळकडे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरते ती पऱ्हाटी. तिच्यावर चूल पेटते, तिचं कुंपण होतं. पऱ्हाट्या-तुराट्या बांधून वर शेणमाती लिंपली की कुडाची भिंत होते. म्हणजे बोर्डच की! पण तो घरच्या बायकांनी केलेला, म्हणून सरकारदरबारी ते घर ‘कच्चं’. त्याच काड्यांत सिमेंट पडलं की मटेरियल ‘ग्रीन’.

सिमेंटची बाजू खोटी नाही. कूड सारखा लिंपावा लागतो, वाळवी लागते, ठिणगी पडली तर वस्ती जाते. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीचे पार्टिकल बोर्ड करून दाखवलेत, पण स्वस्त रेझिनचा बोर्ड ओल लागली की फुगतो. सिमेंटचा तसा फुगत नाही, सहज पेटतही नाही. अडचण वेगळीच आहे. पऱ्हाटीतली साखर सिमेंटला सेट होऊ देत नाही. रेडीमिक्सचा ट्रक रस्त्यात बंद पडला की आतल्या काँक्रीटचा दगड होऊ नये म्हणून साखर ओततात ना, तीच गोष्ट. म्हणून भुगा आधी पाण्यात भिजवून किंवा उकळून साखर काढायची, नाहीतर कॅल्शियम क्लोराइड घालून सिमेंटला घाई करायची. म्हणजे भरपूर पाणी लागणार, तेही विदर्भात, ऐन उन्हाळ्यात. रीलमध्ये हे दिसत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूरला सिमेंटचे कारखाने आहेत आणि आजूबाजूच्या शिवारात कापूस. तरी पऱ्हाटी बांधावरच जळते. शेतात ठेवली तर गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात परत येते, म्हणून वेळेत उपटा, असं कृषी विभागच सांगतो. उपटायची मजुरी शेतकऱ्याच्या खिशातून जाते. घेणारा कुणी नाही, म्हणून तो काडी लावतो, आणि धुराचा गुन्हेगारही तोच ठरतो.

तेव्हा बोर्ड जरूर करा, पण पऱ्हाटी वजनावर, भाव ठरवून, बांधावर विकत घ्या. ती हलकी आणि फुगीर. लांब नेली तर सगळा पैसा डिझेलच खाईल. कुट्टी गावात व्हावी, कारखाना तालुक्यात. घरकुलाच्या अंदाजपत्रकात या बोर्डाला विटेच्या बरोबरीने जागा द्या, नाहीतर तो शहरातल्या कॅफेंच्या भिंतींपुरताच उरेल. आणि ट्रॅक्टर भरण्याआधी चुलीपुरती पऱ्हाटी बाजूला काढा. किती, ते त्या घरातल्या बाईला विचारा.